आमच्या घरचा नाताळ: दरवर्षी तेच तेच विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबर संपत आला की माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर सुरू होतं. ऑफिसातल्या मैत्रिणी, मुलाच्या वर्गातल्या आया, पुण्याहून पहिल्यांदाच नाताळाला येणारे नणंदेचे मित्र, आणि यंदा तर घरात नवीन आलेली पुतणसूनसुद्धा. प्रश्न तेच, उत्तरं तीच, आणि मी दरवेळी एका हाताने पीठ मळत दुसऱ्या हाताने टाइप करत बसते. म्हणून यंदा एकदाच सगळं लिहून ठेवतेय. यापुढे कोणी विचारलं की हेच पाठवणार, राग मानू नका.

तुम्ही नक्की कुठले? आणि घरात काय बोलता?

सासर वेंगुर्ल्याजवळ, माहेर वसईचं. दोन्हीकडे समुद्र, दोन्हीकडे नाताळ, पण पद्धती बऱ्याच वेगळ्या, त्यामुळे लग्नानंतरची पहिली तीन वर्षं मी "आमच्याकडे असं नसतं" हे वाक्य गिळण्यात घालवली. घरात मालवणी, मराठी, थोडी कोकणी असं सगळं मिसळून चालतं. सासूला आम्ही सगळे माय म्हणतो आणि सासऱ्यांना पाय. हो, पायच. माझ्या माहेरचे पहिल्यांदा ऐकून इतके हसले होते की विचारू नका, पण इथल्या ख्रिस्ती घरांमध्ये वडिलांना तसंच म्हणतात.

ख्रिसमस की नाताळ?

नाताळ. पोर्तुगीज 'नाताल'वरून आलाय, म्हणजे जन्म, जन्मदिवस. वसईत पोर्तुगीज १५३४ पासून १७३९ पर्यंत होते, चिमाजी अप्पांनी घेईपर्यंत, आणि इकडे गोवा तर आमच्या उंबऱ्यावरच, त्यामुळे हा शब्द दोन्ही बाजूंनी कोकणात मुरला. आता कोणी म्हणालं की हा परका शब्द आहे तर मी त्यांना पाव, बटाटा, काजू आणि हापूस हे चारही शब्द परत करायला सांगते. अजून कोणी हापूस परत केलेला नाही.

डेकोरेशन कधी सुरू करता? १ डिसेंबरला सगळं लागतं का?

नाही, आणि हाच आमच्या घरचा सगळ्यात मोठा नियम आहे. एका दिवसात सगळं लावायचं नाही. मॉलमध्ये नोव्हेंबरातच सगळं झगमगतं ते वेगळं, त्यांना माल विकायचाय. आमच्याकडे एकेक गोष्ट येते. आधी मेणबत्त्यांचं चक्र, मग ८ डिसेंबरला मरियाचा, येशूच्या आईचा सण झाला की चांदणी (ताऱ्याच्या आकाराचा कंदील), मग नाचणी पेरायची, मग गोठा (येशूच्या जन्माचा देखावा), आणि झाड सगळ्यात शेवटी, २२-२३ तारखेला. मुलं कटकट करतात की शेजारच्या गावात सगळ्यांचं झाड लागलं, आपलंच नाही. करू दे. माय म्हणते की पाहुणा यायच्या आधीच जेवून घेतलं तर पाहुणा आल्यावर करणार काय.

त्या चार मेणबत्त्या कसल्या? एकच गुलाबी का?

नाताळाच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या मध्ये कधीतरी येतो. दर रविवारी एक मेणबत्ती जास्त पेटवायची. तीन जांभळ्या, कारण जांभळा रंग तयारीचा, थोडा पश्चात्तापाचा, आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी, कारण तो आनंदाचा रविवार, अर्धी वाट सरली म्हणून. ही पद्धत मूळची जर्मन, हॅम्बुर्गच्या एका पाद्र्याने १८३९ मध्ये अनाथ मुलांसाठी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावून सुरू केली, मुलं रोज विचारायची नाताळ कधी म्हणून. म्हणजे मुलांची कटकट ही जागतिक आणि जुनी गोष्ट आहे. आमचं चक्र म्हणजे जुन्या सायकलची रिम, त्यावर आंब्याचे टाळे. आंब्याची पानं आठवड्यात वाळतात, मग बदलायची. गुलाबी मेणबत्ती वेंगुर्ल्यात दरवर्षी मिळेलच असं नाही, एका वर्षी पांढऱ्या मेणबत्तीला मुलीने खडूचा रंग फासला होता आणि ती पेटल्यावर असा काही वास आला की पायनी प्रार्थना निम्म्यात आटोपती घेतली.

चांदणी बाजारात दीडशे-दोनशेला मिळते, घरी का करता?

कारण पाय करतात, म्हणून. त्यांचे वडील करायचे. आणि गंमत म्हणजे ज्या हातांनी चांदणी बनते त्याच हातांनी आमच्या वाडीतल्या निम्म्या घरांचे दिवाळीचे आकाशकंदील बनलेत, कारण कामट्या तासणं पायना येतं आणि कागद सुबक चिकटवणं शेजारच्या काकांना, त्यामुळे ऑक्टोबरात दोघं त्यांच्या पडवीत बसतात आणि डिसेंबरात आमच्या. सांगाडा बदलतो, बाकी सगळं तेच.

कशी करायची ते पण सगळे विचारतात, तर ऐका. बांबूच्या दोन फुटी कामट्या दहा घ्यायच्या, सारख्या जाडीच्या, नाहीतर चांदणी एका बाजूला कलते आणि मग वर्षभर लोक ऐकवतात. पाच कामट्यांची एक चांदणी, म्हणजे आपण पेन न उचलता काढतो तशी, एकातून एक ओवलेली. अशा दोन. त्या एकमेकींवर ठेवून पाचही टोकं घट्ट बांधायची. मग आतल्या पाच कोपऱ्यांत सहा-सहा इंची काड्या उभ्या अडकवायच्या, म्हणजे मधलं पोट फुगतं आणि चांदणी सपाट राहत नाही. हा क्षण बघण्यासारखा असतो, पाचवी काडी बसली की सगळा सांगाडा एकदम ताठ होतो, करकर आवाज करतो, आणि पाय तो कानाजवळ नेऊन हलवून बघतात. एखादी गाठ ढिली असली तर म्हणे कळते. मला आजवर कळलेली नाही.

कागद पतंगाचा, चिकटवायला मैद्याची खळ, त्यात चिमूटभर मोरचूद नाहीतर झुरळं खातात (मोरचूद विषारी, पोरांना आणि मांजराला लांब ठेवा). पूर्वी आत चाळीसचा पिवळा बल्ब असायचा, तो इतका तापायचा की एका वर्षी कागद करपला, आता एलईडी लावतो. आमच्या इकडे रात्री दहिवर पडतं, पतंगी कागद सकाळी लोंबायला लागतो, म्हणून बाहेरून जिलेटीन पेपर. पायना तो आवडत नाही, म्हणतात उजेड प्लास्टिकसारखा दिसतो. खरंय त्यांचं. पण अवकाळी पाऊस आला की प्लास्टिकसारखा उजेड तरी राहतो.

इतक्या उंच लावता कशी?

पुढच्या पोफळीला कप्पी बांधलेली आहे, दोरीने वर खाली करता येते. आधी माणूस चढवायचो. आता नाही.

झाड खरं असतं का? सुरूचं म्हणे?

हो, सुरूची फांदी. लांबून अगदी पाइनसारखी दिसते, म्हणून कोकणात कित्येक घरांनी वर्षानुवर्षं तीच वापरली. तशी ती पाइनच्या नात्यातली पण नाही, मुळात ऑस्ट्रेलिया-आग्नेय आशियाकडची, आणि ज्या आपण सुया समजतो त्या पानं नसून बारीक डहाळ्याच असतात, खरी पानं म्हणजे त्यांच्या सांध्यांवरचे इवलेसे खवले. नखाने ओढलं की सांधा सुटतो. मुलं हे करत बसतात आणि फांदी बोडकी करतात.

पण एक स्पष्ट सांगते. किनाऱ्यावरचं सुरूबन तोडायचं नाही. ती झाडं वारा आणि उडणारी वाळू अडवायला लावलेली आहेत, ती कोणाच्या हॉलमध्ये उभी करायला नाहीत. आमच्या परसात दोन सुरू होते. मे २०२१ च्या तौक्ते वादळात एक आडवा झाला, गोठ्याची कौलं घेऊन (खऱ्या गोठ्याची, गाईच्या). त्या वर्षी आठवडाभर लाइट नव्हती आणि डिसेंबरात झाड मात्र भरपूर मोठं होतं, कारण पडलेल्या बुंध्याला नवीन फूट आली होती. आता उरलेल्या सुरूची खालची एक फांदी घेतो, तेवढीच. बादलीत ओली वाळू भरून उभी करायची, वाळू समुद्राची नको, खारट असते, नदीची. आठ-दहा दिवसांत तपकिरी पडायला लागते, म्हणून तर २२ च्या आधी आणत नाही.

प्लास्टिकच्या झाडाला माझा विरोध नाही. माहेरी तेच आहे, पंधरा वर्षं एकच झाड, खोक्यातून काढायचं, फांद्या वाकवायच्या. पंधरा वर्षं वापरत असाल तर छानच. दर दोन वर्षांनी नवीन घेत असाल तर त्यापेक्षा आमची बादली बरी.

झाडाला लटकवता काय? ते लाकडी आंबे कुठून आणले?

सावंतवाडीहून, चितार आळीतून. तिथली लाकडी फळं माहीत असतील सगळ्यांना, केळी, पेरू, सीताफळ, खरी वाटतात इतकी. पूर्वी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची असायची, हलकी म्हणूनच फांदी वाकत नाही. मायच्या लग्नाच्या वेळी कोणीतरी परडीभर फळं आहेर दिली होती, तिने देठात तारेचे आकडे घालून झाडाला टांगली, तेव्हापासून हेच. काचेचे चकचकीत गोळे पण आहेत थोडे, पण मुलं दर वर्षी भांडतात ती त्या एका लाकडी मिरचीवरून. ती कोणी लावायची याचा नंबर ठरलेला आहे, भिंतीच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलाय, आणि तरी भांडतात.

गोठ्यात एवढा वेळ का जातो? रेडिमेड मिळत नाही का?

मिळतो. थर्माकोलचा. घेऊ नका.

गोठा म्हणजे आमच्या घरचं मुख्य काम, झाड नाही. झाड उत्तरेकडचं, युरोपातून आलेलं, पण गोठ्याची कल्पना त्याहून कितीतरी जुनी. संत फ्रान्सिस आसिसीकर यांनी १२२३ साली इटलीत ग्रेच्यो नावाच्या गावी खरा बैल, खरं गाढव आणि गवत आणून पहिला देखावा केला, लोकांना डोळ्यांनी दिसावं म्हणून. आमच्याकडे तर काही मुद्दाम आणायची पण गरज नाही. पेंढा आहे, शेण आहे, लाल माती आहे, चिरे आहेत. बेथलेहेमची गव्हाण कशी असेल ते कोकणातल्या पोराला चित्रातून शिकवायला लागत नाही, तो तिथेच खेळलेला असतो.

पद्धत अशी. हॉलच्या कोपऱ्यात चार चिरे मांडायचे. जुनं गोणपाट लाल मातीच्या पातळ चिखलात बुडवून त्यावर टाकायचं, हातांनी सुरकुत्या पाडायच्या, आणि दोन दिवस वाळू द्यायचं. वाळलं की टणक होतं, हुबेहूब आमच्या सड्यासारखं, म्हणजे कातळाच्या माळासारखं दिसतं. पहिल्या वर्षी मी बाजारातून ब्राऊन पेपर आणला होता, वसईला आम्ही तोच चुरगळून डोंगर करायचो. मायने काही म्हटलं नाही. नुसतं बघितलं, आणि संध्याकाळी गोणपाट भिजत घातलं. वर छप्पर माडाच्या झावळाचं, विणलेलं, तेही बोटभर रुंदीच्या पात्यांचं, हे काम माझ्या दिराकडे. तो मुंबईला असतो, कोकण रेल्वेचं तिकीट दोन महिने आधी काढतो, आणि त्याचं म्हणणं की रजा नाताळासाठी नसून छपरासाठी आहे.

ते हिरवं शेत खरं आहे का?

खरं. नाचणी. १२-१३ तारखेला एक रात्र भिजवायची, करवंट्यांमध्ये आणि डब्यांच्या झाकणांत माती घालून दाट पेरायची, वरून फक्त माती भुरभुरायची, आणि पाणी ओतायचं नाही, शिंपडायचं. ओतलं की सगळे दाणे एका कडेला जातात आणि एका बाजूला जंगल आणि दुसऱ्या बाजूला वाळवंट होतं. नाताळापर्यंत दोन बोटं वाढते. गोठ्यासमोर करवंट्या मांडायच्या, मधे आरशाचा तुकडा ठेवला की तळं.

मी पहिल्यांदा करवंट्या पडवीत मांडल्या तेव्हा शेजारच्या काकी आल्या, बघितल्या, म्हणाल्या, "ह्ये तर आमचे घट गे!" आणि खरंच की. नवरात्रात त्यांच्या घरी धान्य रुजत घालतात तसंच. तेव्हापासून नाचणीचं बी त्यांच्याकडूनच येतं, आणि किती रुजलंय ते बघायला त्या दर दोन दिवसांनी येतात, माझ्यावर त्यांचा या बाबतीत विश्वास नाही.

गव्हाण रिकामी का आहे? बाळ हरवलं का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलाय, कुरिअरवाल्याने पण विचारलाय. हरवलं नाही. बाळ येशू मायच्या कपाटात, साड्यांच्या मधे, कापसात गुंडाळून आहे. तो २४ च्या रात्री मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) झाल्यावरच येतो आणि घरातलं सगळ्यात लहान मूल त्याला ठेवतं.

मी नवीन असताना सगळा गोठा छान मांडला, मरिया, जोसेफ, मेंढरं, आणि मधे बाळ. तारीख होती १९. माय देवळातून (चर्चमधून) आली, चष्मा लावून वाकून बघितलं आणि म्हणाली, "गे, तो अजून जल्माक येवचो आसा, तू आधीच निजवलंस पण?" मी ओशाळले. आता मीच दुसऱ्यांना सांगते.

मरिया आणि जोसेफ पण आधीपासून गोठ्यात नसतात. ते १६ तारखेला स्वयंपाकघराच्या खिडकीतून निघतात. रोज एक मुक्काम. मिक्सरजवळ, मग फ्रिजवर, मग टीव्हीजवळ, चपलांच्या रॅकवर (हे मुलाने ठेवले होते, माय चिडली, पाय म्हणाले असू दे, त्यांना खरंच कुठे जागा मिळाली होती), असं करत २४ ला पोचतात. बाळाला भेटायला येणारे तीन राजे तर अजून लांबून, माडीवरून निघतात, त्यांना ६ जानेवारीपर्यंत वेळ आहे. एक राजा जिन्यावरून पडून त्याचा हात गेलाय. उंटाची मान दोनदा तुटून एम-सीलने जोडलीय, त्यामुळे तो उंट आता थोडा जिराफाकडे झुकतो.

कापसाचा बर्फ घालता का?

नाही. बेथलेहेम डोंगरावर आहे, तिथे कधीतरी बर्फ पडतो, मान्य. पण आमच्याकडे डिसेंबरात दुपारी बनियन अंगाला चिकटतं. माझ्या मुलीला हवा होता कापूस, तिला म्हटलं झाडावर लाव काय तो, गोठ्यावर नाही, लाल मातीवर कापूस म्हणजे कोणाची तरी उशी फाटल्यासारखं दिसतं.

कुस्वार म्हणजे नक्की काय काय?

नाताळाचा फराळ. नेवऱ्या म्हणजे करंज्याच, कलकल, दोदोल, चण्याच्या डाळीचं दोस, आणि वेळ असला तर बिबिंका, एकेक थर भाजत बसायचं, पण खरं सांगू तर वेळ नसतो, बिबिंका आम्ही गोव्याहून विकत आणतो आणि कोणी विचारलं तर खोटं बोलत नाही, पण आपणहून सांगत पण नाही. माझ्या माहेरचे फुगे मी इथे रुजवले, मैदा, अंडी, नारळाचं दूध, आंबवून तळायचे, तेलात टाकले की गोल टम्म. ते गरमच खायचे, उरले की रबर.

दोदोल मात्र सांगायलाच हवा. तांदळाचं पीठ, माडाचा काळा गूळ, आणि नारळाचं दूध. किलोभर पिठाला दीड-दोन किलो गूळ आणि सहा तरी नारळ. मागच्या चुलीवर तांब्याचं मोठं भांडं, लाकडी उलथणं, आणि ढवळायचं. थांबायचं नाही. पहिला अर्धा तास सोपा, सगळे गप्पा मारत "मी करतो, मी करतो" करतात. मग ते घट्ट व्हायला लागतं आणि माणसं एकेक करून फोन आला म्हणून निघून जातात. दोन-अडीच तासांनी रंग काळा होतो, भांड्याची कड सुटते, आणि नारळाचं तेल कडेने बाहेर यायला लागतं, तोपर्यंत उतरवायचं नाही. माय बोटाने नाही, कानाने ओळखते. आधी ते भुकभुक करतं, झालं की आवाज बदलतो, जड असा फत्त येतो. थाळ्यात थापून वर अर्धे काजू. काजूचा हंगाम फेब्रुवारी ते मे, म्हणजे डिसेंबरात गेल्या हंगामातले ठेवलेले असतात, ते आधी चाखून बघा, खवट एक जरी निघाला तरी त्या वडीचं वाटोळं.

कलकल काट्याच्या (फोर्कच्या) पाठीवर पिठाची गोळी दाबून वळायचे आणि तळायचे. नवीन कंगवा पण चालतो, आमचा त्यासाठी वेगळा कंगवा आहे, तो कुस्वाराच्या डब्यात असतो, कृपया तो बघून तोंड वाकडं करू नका, डोक्याला कधी लागलेला नाही.

आम्ही अंडं खात नाही / मार्गशीर्ष पाळतो. मग काय खाऊ शकतो?

नाताळ बऱ्याचदा मार्गशीर्षातच येतो, त्यामुळे हा प्रश्न आमच्यासाठी नवीन नाही. नेवऱ्या, दोदोल, दोस यात आम्ही अंडं घालत नाही. कलकल दोन घाणे करतो, बिनअंड्याचे आधी, तेलही तेव्हा ताजं. शेजारी जाणाऱ्या ताटात फक्त बिनअंड्याचंच असतं, वर मायने क्रोशाने विणलेला रुमाल. दिवाळीला त्यांचं ताट आमच्याकडे आलेलं असतं ते आम्ही रिकामं परत दिलेलं नसतं, साखर तरी घालतो, आणि तसंच आमचं ताट पण रिकामं येत नाही, एकदा त्यातून ओल्या काजूगरांचं वचन आलं होतं, मार्चमध्ये पाळलं पण.

जेवणाला काय असतं?

२५ ला दुपारी सोरपोतेल (पोर्कचं आंबट-तिखट कालवण) आणि सान्ना (इडलीसारख्या). सोरपोतेल दोन दिवस आधी करून ठेवायचं, माडाच्या विनेगरमध्ये, रोज एकदा गरम करायचं, तिसऱ्या दिवशी खरी चव. पोर्क न खाणाऱ्यांसाठी कोंबडी-वडे, कारण काही झालं तरी आम्ही मालवणी मुलखातले. शाकाहारी लोकांसाठी काळ्या वाटाण्याची उसळ, वेगळं भांडं, वेगळा डाव, वाढणारी पण वेगळी, त्याबद्दल निश्चिंत राहा.

मिस्सेला आम्ही आलो तर चालेल का?

खुशाल या. सिंधुदुर्ग धर्मप्रांत २००५ मध्ये पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला, गावोगावची देवळं त्याच्या आधीपासूनची, आणि आमच्या देवळात नाताळच्या रात्री निम्मे मागच्या बाकांवरचे लोक इतर धर्मांचेच असतात. (देऊळ म्हणजे चर्च, आमच्याकडे दोन्ही म्हणतात, इगर्ज पण.) मध्यरात्रीची मिस्सा म्हणतात खरं, पण लाउडस्पीकरच्या रात्रीच्या नियमांमुळे कित्येक ठिकाणी आधीच सुरू होते, त्यामुळे वेळ मला विचारूनच निघा. सगळे उठले की उठायचं, बसले की बसायचं, गुडघे टेकलेच पाहिजेत असं नाही. कम्युनियन म्हणजे पवित्र भाकर घ्यायला रांग लागते, ती मात्र फक्त कॅथलिकांसाठी असते, तेव्हा बाकावर बसून राहायचं, कोणी वाईट मानत नाही. शाल आणा. दुपारी घाम आणि रात्री देवळाच्या पायरीवर दात वाजतात, असं आहे आमच्याकडे.

सांता येतो का? गिफ्ट?

कॅरोलवाल्या पोरांबरोबर येतो, घुमट (मातीचं वाद्य) वाजवत, कापसाची दाढी, पायात स्लीपर. मुलांना कपडे नाताळचे नवीन असतात, तेच गिफ्ट. गेल्या वर्षी सांताचा आवाज ओळखून माझा मुलगा म्हणाला, "काका, तुमची मोटरसायकल बाहेर उभी आहे."

लाइटच्या माळा कुठल्या चांगल्या?

मला विचारू नका. दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन मागवल्या, तीन दिवसांत अर्धी माळ बंद, परत घ्यायला कोणी आलं नाही. आता बीआयएसचा (भारतीय मानकांचा) शिक्का बघूनच दुकानातून घेते. बाहेरच्या जोडाला नीट टेप लावा, एकाच पिनवर चार माळा नकोत, झोपताना झाडाचं बटण बंद, सुरू वाळला की फार पटकन पेटतो.

३१ ला तो बाहुला कसला जाळता?

तो म्हातारा. सरलेलं वर्ष. जुनी पँट, शर्ट, आत पेंढा, तोंडाला मडकं. पोरं त्याला खुर्चीत बसवून रस्त्यावर ठेवतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे पैसे मागतात, बारा वाजता जाळतात. पायचा एक चांगला शर्ट असाच गेला होता, त्यांना १ तारखेला शोधताना कळलं. तेव्हापासून म्हाताऱ्याचे कपडे माझ्या परवानगीने.

डेकोरेशन कधी काढता?

तीन राजे पोचल्यावर. म्हणजे ६ जानेवारी. त्याआधी कोणी हात लावायचा नाही, २६ तारखेला झाड उतरवणारे लोक मला कळत नाहीत, पाहुणा कालच आलाय आणि तुम्ही गादी गुंडाळताय. अर्थात फांदी तोवर तपकिरी झालेली असते, खाली सगळा सुयांचा सडा, रोज झाडायला मीच. नाचणी गाईला. गोणपाट झटकून माळ्यावर. लाकडी फळं प्रत्येक वेगळ्या सुती कपड्यात, प्लास्टिकमध्ये नको, इथल्या दमट हवेत रंग चिकटतो. चांदणीचा सांगाडा ठेवतो, कागद फाडून टाकतो, पुढच्या वर्षी नवीन.

बाळ येशू परत साड्यांच्या मधे.

येताना काय आणू?

काही नको. केक तर अजिबात नको, घरात सात येतात आणि सातवा फेब्रुवारीपर्यंत कोणी कापत नाही. आणायचंच असेल तर गुलाबी मेणबत्ती आणा एक, आणि एम-सीलचं पाकीट, उंटाची मान परत हलायला लागलीय.